मातीतला मोर

गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये (१६०५) मुख्य वेदीवर संत इग्नेशियस उभे आहेत. त्यांची नजर वर, सोनेरी किरणांच्या चकतीकडे, आणि त्या चकतीत येशूच्या नावाची अक्षरं. बरोक शैलीची ही ठरलेली मांडणी: खाली आपण, मध्ये संत, वर नाम. नजर आपोआप चढत जाते.

सेवाग्रामच्या बापूकुटीत, म्हणजे गांधीजींच्या झोपडीतही भिंतीवर नाम आहे, ॐ. शिवाय चरखा, शिंदीची झाडं, मोर. सोनं नाही, वेगळा रंगही नाही. भिंतीच्याच मातीचा उठाव. लोक बैठक, तीन माकडं, साप पकडायचा चिमटा बघतात आणि पुढे सरकतात. समोरून उजेड असेल तर चित्र कळतही नाही. तो तिरपा पडला की खोडाच्या एका अंगाला सावली धरते आणि झाड भिंतीतून पुढे येतं.

हे काम मीराबेनचं, म्हणजे १९२५ साली भारतात आलेल्या गांधीजींच्या इंग्रज शिष्या मॅडेलिन स्लेड यांचं. असा उठाव काढताना मी जवळच्याच एका गावी, ओसरीवर पाहिला. काकूंनी पांढरी माती, शेण आणि बारीक कुटार तुडवून आदल्या दिवशीच मुरत ठेवलं होतं. भिंत भिजवून खिळ्याने ओरखडली. मातीची वळी खोडाच्या रेषेवर ठेवून अंगठ्याने दाबत नेली, मग ओल्या बोटाने कड भिंतीत जिरवली. सगळा वेळ त्या कडेवरच गेला. ‘कड नाई जिरली त पोपडाच निंघते ना बाप्पा!’ वाळताना गेलेले तडे पातळ गाऱ्याने बुजले, वरून पोतारा, म्हणजे पातळ मातीचा हात. बरोक चित्र वॉर्निशने काळवंडतं. हे दर पोताऱ्याला थोडं बोथट होतं.

बरोक संतचित्रात खजुरीची झावळी म्हणजे हौतात्म्याची खूण. गांधीजींची हत्या आठवून कुटीतल्या झाडांवरही तो अर्थ लादायचा मोह होतो. पण कुटी मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती, गांधीजी मागाहून तिथे राहायला आले. आणि शिंदीच्या नीरेचा गूळ हा तर गांधीजींच्या ग्रामोद्योगातला जिव्हाळ्याचा विषय. मला ते झाड झाडच वाटतं.

१९४२च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिले. कुटीच्या भिंतीवरची एकच सजावट त्यांनी नोंदवली: येशूचं कृष्णधवल चित्र. मोर त्यांच्या नजरेतून सुटला असावा. त्याला चौकट कुठे होती!