काँक्रीटलाही मिस्त्री लागतो

मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजांच्या सहली चंदीगडला जातात. मुलं तिथल्या सरकारी इमारतींच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये हिंडतात, भिंतींचे फोटो काढतात. ल कॉर्बुझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू ही चंदीगड रचणाऱ्या वास्तुकारांची नावं त्यांना पाठ असतात. थोडं खोलात वाचलेल्यांना सुरुवातीच्या भारतीय चमूतले आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा, युली चौधरी आणि प्रभावळकरही ठाऊक असतात. पण 1958 साली पुरं झालेलं, त्याच कॉम्प्लेक्समधलं 254 मीटर लांबीचं सचिवालय आजही पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांचं चालतं कार्यालय आहे. तिथे सकाळी लिफ्ट सुरू होते, नळाला पाणी येतं. हे आपोआप होत नाही. त्यामागे फिटर असतो, वायरमन, प्लंबर, पंप ऑपरेटर, एसी मेकॅनिक आणि त्यांचे हेल्पर असतात. त्यांच्या कामाबद्दल आपण जे समजून चालतो त्यातलं बरंच चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत इमारतीला मोजावी लागते, कधी कधी त्या माणसाला जिवाने मोजावी लागते. म्हणून हा लेख.

“काँक्रीट म्हणजे दगडच, त्याला काय होतंय?”

चंदीगडचं काँक्रीट उघडं आहे. वर गिलावा नाही, रंग नाही. फळ्यांच्या साच्याचे ठसेही तसेच ठेवलेले आहेत. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, हे डोंगरासारखं आहे, ह्याची निगा काय राखायची? प्रत्यक्षात उघडं काँक्रीट झाकलेल्या काँक्रीटपेक्षा जास्त लक्ष मागतं, कारण हवा आणि पाणी थेट त्याच्या अंगाशी भिडतात.

आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. ताजं काँक्रीट अतिशय अल्कलीयुक्त असतं, त्याचा पीएच साधारण 12.5 ते 13. अशा वातावरणात आतल्या लोखंडी सळईवर एक अतिसूक्ष्म थर तयार होतो आणि तोच तिला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेरून हळूहळू आत झिरपत असतो. त्याची काँक्रीटमधल्या चुन्याशी क्रिया होते आणि पीएच 9 च्या खाली उतरतो. हा बदल सळईपर्यंत पोचला की संरक्षक थर मोडतो. मग ओल आणि प्राणवायू मिळाले की गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकतं. जागा मिळेना की तो बाहेरचं काँक्रीट फोडतो. आपल्याला दिसते ती केसासारखी चीर, मग तांबूस ओघळ, मग पोपडा आणि शेवटी उघडी पडलेली सळई.

म्हणून सळईवरच्या काँक्रीटची जाडी, ज्याला साइटवर सगळे ‘कव्हर’ म्हणतात, ती फार मोलाची. आयएस 456 या भारतीय मानकात सौम्य हवामानासाठी किमान 20 मिलिमीटर, मध्यम हवामानासाठी 30 आणि समुद्रकाठच्यासारख्या तीव्र परिस्थितीसाठी 45 मिलिमीटर कव्हर सांगितलेलं आहे. कव्हर निम्मं पडलं तर कार्बन डायऑक्साइडला सळई गाठायला निम्मा नव्हे, साधारण पाव काळ पुरतो. सत्तर वर्षांपूर्वी चंदीगडचं बांधकाम मुख्यतः माणसांच्या हातांनी झालं. बायका डोक्यावरून पाट्या वाहत होत्या. असं हाताने ओतलेलं कव्हर सगळीकडे सारखं कसं असेल? कुठल्या कोपऱ्यात ते पातळ आहे हे नकाशा सांगत नाही. ते तपासूनच कळतं.

तपासणी अगदी साधी असते. अनुभवी माणूस हातोडीने हलके हलके ठोकत पुढे सरकतो. घट्ट काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. तेवढ्या भागाभोवती तो खडूने रेघ मारतो. मग एका ठिकाणचा टवका काढून ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण फवारतात. काँक्रीट अजून अल्कलीयुक्त असेल तर ते क्षणात गडद गुलाबी होतं, आणि जिथवर बदल आत शिरला आहे तिथवर रंग येतच नाही. पट्टीने मोजलं की कळतं, गंज अजून किती मिलिमीटर दूर आहे. एवढी नेमकी माहिती अवघ्या काही मिनिटांत मिळते. तरीही बहुतेक ठिकाणी पोपडा डोक्यात पडेपर्यंत कुणी हातोडी हातात घेत नाही.

पोपडा पडल्यावर सिमेंट थापून रंग मारला की झालं, हा पुढचा गैरसमज. गंजलेली सळई आत तशीच राहिली तर नवं सिमेंट दोन-तीन पावसाळ्यांत सुटतं. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढायचं, गंज घासून लोखंड उघडं करायचं, त्यावर संरक्षक लेप द्यायचा आणि मग दुरुस्तीचं खास मॉर्टर भरायचं, हा खरा क्रम. ॲसिडने धुऊन भिंत ‘नवी’ करायची सवयही घातकच, कारण ॲसिड सिमेंटच खातं आणि काँक्रीट आणखी सच्छिद्र होतं. कॅपिटल कॉम्प्लेक्सबाबत तर जबाबदारी दुप्पट आहे. जुलै 2016 मध्ये युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या 17 कामांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली, त्यात हे संकुल आहे. इथे ठिगळाचा रंग आणि पोतही मूळ काँक्रीटशी जुळावा लागतो. पंजाब विद्यापीठातल्या, जानरेने रचलेल्या गांधी भवनासाठी 2015 मध्ये गेटी फाउंडेशनचं अनुदान मिळालं ते आधुनिक वास्तूंच्या जतनासाठीच. जतनाचा विचार अभ्यासक करतात, पण रोज हात लावणारा माणूस मेंटेनन्सचाच असतो. त्याला हे सगळं कुणी समजावून सांगितलेलं असतं का, हा मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आणि पिंपळ. पाखराच्या विष्ठेतून आलेलं बी चिरेत रुजतं. कोवळं रोप दोन बोटांनी उपटता येतं. तेच दोन वर्षांनी मुळं घेऊन बसलं की छिन्नी लागते. मे महिन्यात धुळीची वादळं येतात, झाडांचा पाला उडतो, तो गच्चीवरच्या पन्हाळांत अडकतो. जूनअखेर पाऊस लागण्याआधी ती पन्हाळं मोकळी करणं हे वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं काम.

“एसीतला गॅस दरवर्षी संपतो”

उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात पारा 44-45 च्या घरात गेला की हा गैरसमज घरोघरी पैसे खातो. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, द्रवाचा वायू, वायूचा द्रव होत. यंत्र धडधाकट असेल तर कंपनीत भरलेला गॅस त्याच्या आयुष्यभर पुरतो. गॅस कमी झाला असेल तर याचा एकच अर्थ, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा निघून जाणार.

चांगला मेकॅनिक आधी बाहेरच्या युनिटची कॉइल बघतो. धुळीने ती चोंदली असेल तर गॅस पुरेसा असूनही खोली गार होत नाही. चंदीगडसारख्या धुळीच्या शहरात ही तक्रार नेहमीची. गळतीचा संशय आला तर तो नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरतो आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतो. बुडबुडा जिथे फुगतो तिथे गळती. सांधा दुरुस्त झाला की व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. ह्याला वेळ लागतो. वीस मिनिटांत गॅस ‘मारून’ जाणाऱ्याला आपण हुशार म्हणतो आणि दोन तास घेणाऱ्याशी पैशांवरून घासाघीस करतो, हे बदलायला हवं. नव्या एसींत आर-32 गॅस असतो, तो थोडासा ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना तिला टॉर्च लावणं त्या मेकॅनिकच्या जिवाशी खेळ आहे.

“ग्रीस जितकं जास्त तितकं चांगलं”

हा गैरसमज खुद्द कामगारांतही आहे. बेअरिंगच्या पोकळीत साधारण एक तृतीयांश ते निम्मी जागा भरेल एवढंच ग्रीस हवं. ठासून भरलं तर गोळ्या ते घुसळत राहतात, बेअरिंग तापतं, सील सुटतं आणि मोटारीत ग्रीस थेट वाइंडिंगवर उतरतं. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र झाली तर काही वेळा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. म्हणून डब्यावरचं नाव वाचायला हवं आणि ते वहीत लिहून ठेवायला हवं.

जुना फिटर पंपाजवळ जातो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. एकसारखी घुमणारी गुणगुण असेल तर तो पुढे जातो. मधूनच खरखर किंवा टिकटिक आली तर बेअरिंग बदलायची वेळ ठरवतो, आणि ती वेळ तो ठरवतो, पंप नाही. चंदीगडचं बरंचसं पाणी भाक्रा कालव्यातून कजौलीच्या जलकेंद्रामार्गे येतं आणि मग इमारतीतल्या पंपांनी टाक्यांत चढतं. खालच्या टाकीत पाणी नसताना पंप चालू राहिला तर मेकॅनिकल सील थोड्याच वेळात जळतं, कारण त्याला गार ठेवणारंच पाणी असतं. कॅपिटल कॉम्प्लेक्समधला 26 मीटर उंचीचा ‘ओपन हँड’, 1985 मध्ये उभा राहिलेला, वाऱ्याबरोबर फिरतो. लोक त्याला शिल्प म्हणून पाहतात, आणि ते आहेच. पण फिरणारी कुठलीही वस्तू देखभाल मागते, शिल्पसुद्धा.

“एमसीबी आहे, शॉक लागणार नाही”

एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. 16 अँपिअरची एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह वाहू लागला की पडते. माणसाच्या अंगातून 0.1 अँपिअर गेला तरी तो मरू शकतो, आणि तेवढ्याने एमसीबी जागची हलतही नाही. माणसासाठी आरसीसीबी हवी, 30 मिलीअँपिअरची. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत एवढासा फरक दिसला की ती वीज तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघावं. दाबूनही पडली नाही तर ती नुसती शोभेची आहे.

मेकॅनिकच्या बाबतीत एक गोष्ट आणखी. “मेन बंद केलाय” हे तोंडी सांगणं पुरत नाही. स्विच बंद, त्यावर कुलूप, कुलपावर नावाची पट्टी, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, आणि हात लावण्याआधी टेस्टरने खात्री. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी “लाइट का गेली” म्हणत स्विच वर करण्याने माणसं गेली आहेत.

लिफ्टविषयी एवढंच सांगतो की रोप तुटून लिफ्ट कोसळते ही भीती बहुतांशी सिनेमातली आहे. रोप अनेक असतात, आणि वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की गव्हर्नर रुळांवर पकड बसवतो. खरा धोका अडकलेल्या लिफ्टमधून दोन मजल्यांच्या मध्ये स्वतः बाहेर उडी मारण्यात असतो. आत हवा पुरते. थांबावं.

“वास येत नाही, म्हणजे गॅस नाही”

ह्या एका समजुतीने जितके जीव घेतले तितके बाकी कुठल्याच समजुतीने घेतले नसतील. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला की धोका टळला असं वाटतं, आणि नेमका तेव्हा तो वाढलेला असतो. काडी पेटवून बघणं तर आणखी वाईट, कारण आत मिथेन असू शकतो. एक जण आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो. अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकावर क्वचितच थांबतो.

2013 च्या कायद्याने माणसाला गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी उतरवणं गुन्हा ठरवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. सोसायटीच्या कमिटीने “पटकन उतर आणि काढ” म्हणणं हा अडाणीपणा नाही, गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवायची, एवढंच.

“शिकला नाही म्हणून हे काम करतो”

चंदीगडच्या सेक्टर 28 मध्ये सरकारी आयटीआय आहे. देशात कारागीर प्रशिक्षण योजना 1950 मध्ये सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 मध्ये अप्रेंटिस कायदा आला. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यात मापन आहे, आरेखन आहे, सर्किट आहे. ह्या मुलांना कंत्राटदाराकडे अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत ठेवायचं आणि मग “अनुभवी माणसं मिळत नाहीत” म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. इमारतीची ओळख वर्षांनी होते. कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो आणि कुठली वायर कुठून जाते हे एका माणसाबरोबर निघून गेलं की पुढच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

देखभाल टाळण्याची किंमत चंदीगडने जगासमोर मोजली आहे. जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारी कार्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं हजारोंनी घडवून घेतली. वेत तुटला, सांधा ढिला झाला की त्या वस्तू गच्चीवर आणि गोदामात फेकल्या गेल्या आणि भंगाराच्या लिलावात कवडीमोलाने विकल्या गेल्या. एक वेत विणणारा आणि एक सुतार एवढीच त्यांची गरज होती. पुढे त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. मागच्या पायावर स्टोअरकीपरने रंगवलेला नोंदीचा क्रमांक तिथे अस्सलपणाचा पुरावा ठरला. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हे फर्निचर बाहेर जाऊ नये म्हणून आदेश काढला, तोवर बरंच गेलं होतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, देखभालीसाठी तरतूद आहेच. दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्का दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्का सिंकिंग फंड. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि 30 च्या वर असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो अहवाल मागा, आणि त्याच्यासोबत पंपाची, लिफ्टची, आरसीसीबी तपासणीची वहीसुद्धा मागा. वही नसेल तर त्याच सभेत ती सुरू करण्याचा ठराव करा, आणि ती लिहिणाऱ्या माणसाचा पगार त्या ठरावातच धरा.