व्हिडिओतले आठ तास आणि बाजारहत्नूरची थंडी

वाटलेले पीठ आठ तास झाकून ठेवा, सकाळी दुप्पट झालेले असेल, असे इडलीच्या बहुतेक व्हिडिओंत सांगितलेले असते. मुंबई-चेन्नईकडे तसे होतेही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरला मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली जातो आणि सकाळी झाकण काढावे तर पीठ जिथल्या तिथे. मग घरात चर्चा सुरू होते. उडीद जुने असतील, पाणी जास्त झाले असेल, करणारीच्या हाताला गुण नसेल. या तिन्ही आरोपांत बहुधा तथ्य नसते.

पीठ फुगवण्याचे मुख्य काम ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जिवाणू करतो. तो डाळीबरोबरच घरात येतो, त्यासाठी वेगळे विरजण लागत नाही. पिठातल्या शर्करेवर जगताना तो आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. उडदातली प्रथिने आणि बुळबुळीत बहुशर्करा हा वायू बुडबुड्यांत धरून ठेवतात. नुसत्या तांदळाच्या पिठाला हे जमत नाही, म्हणून इडलीत उडीद लागतोच. या जिवाणूला पंचवीस-तीस अंशांची ऊब मानवते. थंडीत तो मरत नाही, पण त्याची वाढ अगदी संथ होते. याच गावात मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, रात्रीही उकाडा हटत नाही, आणि आठ तास थांबले तर पीठ आंबून वर येते. कृती एकच, पण हिवाळ्यातले घड्याळ वेगळे आणि उन्हाळ्यातले वेगळे.

यावर उपाय साधा आहे. पीठ सरळ बाजूंच्या डब्यात घालावे, बाहेरून खडूने रेघ मारावी आणि घड्याळाऐवजी त्या रेघेकडे लक्ष ठेवावे. थंडीत डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला किंवा विझलेल्या चुलीजवळ सरकवला तरी फरक पडतो. दह्याचेही तेच. दूध चाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना विरजले तर जिवाणू झपाट्याने वाढतात, आम्लता पीएच ४.६ च्या आसपास पोचते आणि दुधातले केसीन एकमेकांना धरून दही लागते. व्हिडिओत ‘कोमट दूध’ एवढेच म्हणतात, पण खोली किती गार आहे हे कुणी बोलत नाही.

पाककृती कागदावर उतरवण्याचा हा प्रश्न मराठीला नवा नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ हे पाककृतींचे पुस्तक १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि त्यांनी मापे दिली वाटी-चमच्याची. ज्या घरात वजनकाटा नाही, तिथे प्रमाण बिघडू नये यासाठी याहून शहाणी युक्ती नव्हती. सगळ्या जिनसा एकाच वाटीने मोजल्या की वाटी लहान की मोठी याने फारसे बिघडत नाही. ऑनलाइन कृतींत २४० मिलीलिटरचा कप असतो आणि चमचाही ठरावीक पाच मिलीलिटरचा. मैदा घरातल्या वाटीने आणि सोडा व्हिडिओतल्या चमच्याने मोजला, तर केक कडवट लागू शकतो.

केकवरून आठवले. ओव्हन नसलेल्या घरांत कुकरमधला केक हा २०२० च्या टाळेबंदीतला एक लाडका प्रयोग होता. त्यात शिट्टी आणि रबरी रिंग काढून ठेवायची, तळाला मिठाचा थर द्यायचा. मीठ इथे चवीसाठी नाही. ते उष्णता साठवते आणि भांड्याच्या बुडाला थेट आच लागू देत नाही. ते वितळण्याचीही भीती नाही, कारण त्याला ८०१ अंश लागतात. रिंग काढायची ती कोरड्या उष्णतेने खराब होते म्हणून, आणि शिट्टी काढायची ती आतली वाफ कोंडू नये म्हणून. सगळ्यात घाई करायची ती इनो घातल्यावर. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असल्याने ओल लागताच वायू सुटू लागतो. मिश्रण दहा मिनिटे ओट्यावर राहिले तर फुगवणारा बराचसा वायू उडून गेलेला असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. नातवाने पावभाजी मागितली, त्यांना व्हिडिओ दाखवले. आजींनी ते पाहिले आणि स्वतःच्या हाताच्या अंदाजाने भाजी केली. त्यातूनच २०२० मध्ये ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी उभी राहिली आणि लाखो लोक त्यांच्याकडून शिकू लागले. हाताचा अंदाज हेही ज्ञानच आहे. वास, रंग, उलथन्याखालचा आवाज या सगळ्या नोंदीच असतात, फक्त आकड्यांत मांडलेल्या नसतात.

काही व्हिडिओ मात्र करून बघायचेच नाहीत. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचा प्रकार त्यातला सर्वांत घातक. तिथे सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब असतो आणि पहिली चूकच शेवटची ठरू शकते. अमेरिकेत या नादात तीसहून अधिक जण दगावले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या अन्नतज्ज्ञ ॲन रीअर्डन असल्या क्लृप्त्या तपासून दाखवतात. त्यांनी याविरुद्ध केलेला इशाऱ्याचा व्हिडिओ २०२२ मध्ये यूट्यूबने काढून टाकला आणि ओरड झाल्यावर परत ठेवला.

असल्या घातक प्रकारांऐवजी बाजारहत्नूरच्या आसपास रानात करता येण्याजोगे खूप आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की पाकळ्या गोळा कराव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि पाण्यात उकळाव्यात. पिवळा-केशरी रंग उतरतो. निम्मे पाणी वेगळे काढून त्यात चुन्याची निवळी थेंबथेंब घातली की रंग गडद होत लालसर केशरी होतो, कारण पाकळीतल्या रंगद्रव्याचे रेणू अल्कलीत बदलतात. हळदीला चुना लागला की लाल होते, तोच हा धर्म आणि कुंकू करण्याची जुनी रीतही यावरच उभी आहे. सुती कापड रंगवायचे असेल तर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवावे. तुरटीतले ॲल्युमिनियम रंग आणि धागा यांना जोडून ठेवते. हळदीने रंगवलेले कापड मात्र उन्हात वाळवू नये. कुरकुमीन प्रकाशात विरते आणि व्हिडिओत ‘पक्का’ म्हणून दाखवलेला रंग बघता बघता फिका पडतो. निवळी करताना मुलांना चुन्याला हात लावू देऊ नये आणि डोळे सांभाळावेत.