उणे घातांक आणि चार झरे

चवथीला आमच्या इब्रामपूरच्या घरात भाचरं-पुतणी जमतात. आठवी-नववीतल्यांच्या दप्तरात गणिताची वही असतेच, आणि दरवर्षी त्यातली एकच अडचण माझ्यासमोर येते : घातांक उणे असला की अपूर्णांक सोपा कसा करायचा?

आपली बरीच मुलं गणित इंग्रजीतून शिकतात. तेव्हा मी त्यांना एक मराठी शब्द देते : व्यस्त. ५ चा व्यस्त १/५, १/५ चा व्यस्त ५.

आता पाहा. २ चा तिसरा घात ८, दुसरा ४, पहिला २. घातांक एकाने उतरला की उत्तर निम्मं होतं. तसंच खाली उतरत जा : घातांक ० ला १, −१ ला १/२, −२ ला १/४. म्हणजे उणे घातांकामुळे संख्या उणे होत नाही, तिचा व्यस्त होतो.

गुणाकारात हे सोपं आहे. (घातांकासाठी ^ ही खूण वापरू.) अंशात क्ष^−२ × य^३ आणि छेदात झ^−१ असेल, तर क्ष खाली जातो, झ वर येतो, दोघांचं उणे चिन्ह जातं. उत्तर : (य^३ × झ) / क्ष^२. फक्त क्ष आणि झ शून्य नसावेत.

घोटाळा होतो तो बेरजेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एक गणित आहे. चार झरे एकच विहीर स्वतंत्रपणे अनुक्रमे १, १/२, १/३ आणि १/६ दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?

वेळेचा व्यस्त म्हणजे दिवसाला किती विहिरी भरतील ते : १, २, ३, ६. बेरीज १२. तिचा व्यस्त १/१२ दिवस, म्हणजे २ तास.

घाईने छेदातलं प्रत्येक पद सुटं वर नेलं, तर १ + १/२ + १/३ + १/६ = २ दिवस येतात. पण पहिला झरा तर एकटाच एका दिवसात विहीर भरतो!

म्हणून १ / (अ^−१ + ब^−१) दिसलं, की आधी कंसातली बेरीज करा : (अ + ब) / अब. मग पूर्ण बेरजेचा व्यस्त घ्या : अब / (अ + ब).

आता तुमची पाळी. एक पंप टाकी ३ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. दोन्ही लावले तर? उत्तर ३ तासांपेक्षा जास्त आलं, तर बेरीज पुन्हा तपासा.