दुर्बीण ८ हजारांची की दोन लाखांची? मालवणच्या किनाऱ्यावर नेमकी कोणती कामाची?

डॉल्फिन, समुद्री गरुड, धनेश बघायचेत आणि त्यासाठी दुर्बीण घ्यायचीय? किंमत बघण्याआधी दुर्बिणीवरचे दोन आकडे आणि कोकणातला पावसाळा समजून घ्या.

निवतीच्या समुद्रात बोटीचं इंजिन बंद होतं. 'थंय बघा, थंय!' असं म्हणत बोटवाला बोट दाखवतो. सगळे मोबाइल वर करून झूम करतात आणि स्क्रीनवर उमटतो एक राखाडी ठिपका. डॉल्फिन पाण्याखाली गेलेला असतो. अशा सहलीनंतर अनेक जण 'बेस्ट बायनॉक्युलर' सर्च करतात. समोर येतात १,५०० रुपयांपासून दोन लाखांपुढच्या दुर्बिणी. मग घ्यायची कोणती?

आधी एक घोळ समजून घ्या

इंटरनेटवरचे दुर्बिणीचे बरेच रिव्ह्यू युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. तिथे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, अंधूक उजेडात जनावर ओळखावं लागतं. म्हणून ८×५६ सारख्या मोठ्या आणि जड दुर्बिणींचं तिथे कौतुक होतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे. सिंधुदुर्गात दुर्बीण लागते ती बघायला, आणि तीही बहुतेक वेळा दिवसाउजेडी. त्यामुळे त्यांची यादी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

८×४२ म्हणजे काय?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार. ४०० मीटरवरच्या माडावर बसलेला समुद्री गरुड (कोकणात त्याला काकण म्हणतात) आठपट दुर्बिणीतून ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

आता भागाकार करा. ४२ भागिले ८ म्हणजे साधारण ५.२५. इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे दिवसा हा झोत पुरून उरतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार हा आकडा कमी होतो. शिकाऱ्याला ५६ मिमीचं भिंग लागतं ते यासाठी. दुपारच्या डॉल्फिन सफारीला त्याचा उपयोग फक्त मान दुखण्यापुरता!

मग जास्त पट का नको?

कारण हात हलतो, आणि दुर्बीण ते हलणंही तितक्याच पटीने मोठं करते. बोटीवर १०× सुद्धा त्रासदायक ठरते. दर्यावर्दी लोकांची पारंपरिक दुर्बीण ७×५० असते, ती याचसाठी. बोटीवर ७ किंवा ८ पट आणि किनाऱ्यावर स्थिर उभं राहून बघायचं असेल तर १० पट, हे गणित लक्षात ठेवा.

'१००×', 'डे अँड नाइट', लाल चकाकणारी भिंगं अशा जाहिरातींपासून लांब राहा. कॉलेजात असताना मीही अशी एक ऑनलाइन मागवली होती. इंजिनीअरिंग शिकत असूनही भागाकार केला नाही. दोन मिनिटांत डोकं दुखायला लागलं, कारण दोन्ही नळ्यांतली चित्रं एकमेकांवर नीट बसतच नव्हती.

महागड्या दुर्बिणीत पैसे जातात कुठे?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. चांगल्या कोटिंगमुळे ही गळती प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. पण हे कोटिंग आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही मिळतं. म्हणूनच किंमत दहापट झाली तरी उजेड दहापट वाढत नाही. थोडासाच वाढतो, आणि तो दिवसा डोळ्याला जाणवतही नाही.

फरक पडतो तो इतर गोष्टींत. निकॉन मोनार्क एम५ ८×४२ मध्ये १,००० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. स्वारोव्हस्की एनएल प्युअर ८×४२ मध्ये तोच पट्टा १५९ मीटरचा. उसळणारा डॉल्फिन किंवा आंबोलीच्या दाट झाडीतला कर्णा शोधताना ही रुंदी कामी येते. कडेपर्यंत स्पष्ट चित्र, कडांवर जांभळी झालर नाही आणि तासन्‌तास बघूनही डोळे थकत नाहीत, हे महागड्या दुर्बिणीचे खरे फायदे.

कोकणातला खरा शत्रू: बुरशी

इथे दुर्बीण पडून फुटण्यापेक्षा पावसाळ्यात खराब होण्याची भीती जास्त. पावसाळ्यात समुद्र पर्यटन बंद होतं, दुर्बीण कपाटात जाते आणि दमट हवेत भिंगांवर बुरशीचं जाळं धरतं. बुरशीतून निघणारं आम्ल कोटिंग खातं. मग साफ करूनही डाग राहतो.

म्हणून आतली हवा काढून नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेली सीलबंद दुर्बीण घेणं, हा इथे चैनीचा खर्च नाही. शिवाय:

- चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.
- खारं पाणी उडालं तर सीलबंद दुर्बीण गोड्या पाण्याने हलकेच धुवा.
- भिंगावर वाळू असताना पुसू नका. आधी फुंकणीने किंवा ब्रशने झाडा.

कोणी किती खर्च करावा? (किमती अंदाजे)

- ७ ते १० हजार: वर्षातून दोन-चार सहली करणाऱ्यांसाठी पोरो प्रिझमची ८×४० किंवा ८×४२ दुर्बीण. चित्र छान दिसतं, पण यातल्या बऱ्याच सीलबंद नसतात.
- १५ ते ३५ हजार: सीलबंद, ईडी काच आणि फेज कोटिंग असलेली रूफ प्रिझम. पक्षीनिरीक्षक, होमस्टेवाले आणि गाइड यांच्यासाठी पैसा वसूल.
- दोन लाखांपुढे: रोज तासन्‌तास निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांसाठी.

गाइडने आणखी एक हिशेब करावा. दोन लाखांत ३० हजारांच्या सहा दुर्बिणी येतात. तिळारीत धनेश दिसला, तर एक महागडी दुर्बीण पाहुण्यांमध्ये फिरेपर्यंत तो उडून जाईल. सहा जणांनी एकाच वेळी बघितलं, तर ते पुढच्या वर्षी पुन्हा येतील.

दुकानात तीन चाचण्या

१. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगात बघा. प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचा.
२. आकाशासमोरची विजेची तार बघा. तारेला रंगीत झालर जितकी कमी, तितकं चांगलं.
३. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. 'आय रिलीफ' १५ मिमी किंवा जास्त हवा.

दुर्बिणीचा एक फायदा मात्र कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसतो. हातात ती असली की बोट डॉल्फिनच्या मागे पळवावी लागत नाही. वेंगुर्ला रॉक्सवर घरटी करणाऱ्या पाकोळ्याही त्यांच्या गुहेजवळ न जाता, बोटीतूनच बघता येतात. ते काम आठ हजारांची दुर्बीणही करते.