लेखक आला, हार घातला, पुढं काय? गावच्या वाचनालयात लेखन कार्यशाळा अशी घ्या

हिंगोली : गावच्या वाचनालयात लेखक येणार म्हटलं की तयारी ठरलेली असते. बॅनर, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाच जणांची मनोगतं अन् सगळ्यात शेवटी पाहुण्यांचं भाषण. तोवर पोरं चुळबुळ करायला लागतात. फोटो ग्रुपवर पडतात, पाहुणे गाडीत बसतात अन् त्यांचं पुस्तक कपाटात होतं तिथंच राहतं. कार्यक्रम पार पडतो, पण वाचणारा एक वाढत नाही अन् लिहिणाराही वाढत नाही.

तेवढ्याच खर्चात, तेवढ्याच वेळात गावाच्या हाती काहीतरी उरेल असा कार्यक्रम घेता येतो. त्यासाठी लेखकाचं भाषण कमी करून गावकऱ्यांच्या हातात पेन द्यावा लागतो.

ही माती लिहिणाऱ्यांचीच

आपल्याकडं कोण लिहिणार, असं म्हणणाऱ्यांनी जिल्ह्याकडं नीट बघावं. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी इथलंच. शिंप्याच्या घरातल्या या माणसाची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. त्यांच्या घरी काम करणाऱ्या जनाबाई शेजारच्या गंगाखेडच्या. दळण-कांडण करत त्यांनी अभंग रचले. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचं मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. कवी इंद्रजित भालेराव त्याच तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. त्यांच्या 'पीकपाणी' या संग्रहात शेतकऱ्याच्या घरातली बोली कवितेत आली. शेजारच्या परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात गावाकडच्याच माणसांच्या कथा आहेत.

म्हणजे लेखक काही पुण्या-मुंबईहूनच आणावा लागत नाही. परभणी, नांदेड अन् हिंगोलीत लिहिणारी माणसं आहेत. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचतील एवढ्याच अंतरावर आहेत.

पैशाचं काय?

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. गावची वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात अन् अ, ब, क, ड या वर्गानुसार शासन अनुदान देतं. 2022 च्या अखेरीस या अनुदानात 60 टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. तरी लहान वाचनालयाचं गणित सोपं नाही. ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल अन् पुस्तक खरेदी यातच पैसा संपतो.

म्हणून मंडप, बॅनर, हारांचा खर्च आधी कापावा. पाहुण्याला येण्या-जाण्याचं भाडं, जेवण अन् जमेल तेवढं मानधन द्यावं. ते किती, हे बोलावतानाच स्पष्ट सांगावं. पुस्तक खरेदी तर दरवर्षी होतेच. त्या यादीत येणाऱ्या लेखकाच्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात, म्हणजे वेगळा पैसा लागत नाही. कार्यशाळा अन् ग्रंथप्रदर्शनासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्याही सहाय्य योजना आहेत. त्यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी.

तारीख शेताकडं बघून ठरवा

वाचन प्रेरणा दिन येतो 15 ऑक्टोबरला, म्हणजे सोयाबीन काढणीच्या ऐन धांदलीत. मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला, तेव्हा हळदीची काढणी अन् शिजवणी चालू असते. त्या दिवशी पुस्तकाची पूजा करायला हरकत नाही, पण कार्यशाळेला माणूस मिळत नाही. त्यापेक्षा पोळ्याच्या आसपासचे दिवस किंवा डिसेंबर बरा. शाळकरी पोरांसाठी शनिवारची दुपार, कारण शाळा सकाळी सुटते. बायांसाठी जेवणानंतरची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांना यायचं असेल तर कार्यक्रम दिवाळीच्या आधीच घ्यावा लागेल.

आधी पुस्तक, मग लेखक

लेखक येण्याआधी महिनाभर त्याचं पुस्तक गावात फिरलं पाहिजे. आठवड्यातून एकदा वाचनालयात कुणीतरी दहा-बारा पानं मोठ्यानं वाचावीत. ज्यांना वाचता येत नाही अशी म्हातारी माणसंही त्यात बसतात. ऐकणाऱ्यांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. 'तुम्हाला पुरस्कार किती?' यापेक्षा 'या गोष्टीतल्या माणसानं शेत का विकलं?' हा प्रश्न लेखकाला बोलतं करतो. भेटीच्या दिवशी सत्कार पाच मिनिटांत उरकून याच प्रश्नांपासून सुरुवात करावी.

कार्यशाळा म्हणजे नेमकं काय?

वीस-पंचवीस माणसं, अडीच-तीन तास, सतरंजी, कागद अन् पेन. एवढं पुरतं. लेखकानं पहिली पंधरा मिनिटं स्वतः कसं लिहितो ते सांगावं. मग विषय द्यावा. 'माझा आवडता ऋतू' हा विषय नको, त्यावर सगळे निबंधाच्या पुस्तकातलं उतरवतात. 'हळद शिजवायच्या दिवशी आपल्या घरी काय काय होतं?' किंवा 'आजीच्या हातावरचं गोंदण' असा विषय द्यावा, जो प्रत्येकानं डोळ्यानं पाहिलाय.

वीस मिनिटं गुपचूप लिहायचं. शब्द घरातलेच वापरायचे, शुद्धलेखनाला कुणी हसायचं नाही. मग ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणून न थांबता काय डोळ्यापुढं उभं राहिलं अन् कुठं कळलं नाही, ते सांगायचं. त्यानंतर तेच पुन्हा लिहायचं. खरं शिक्षण या दुसऱ्या लिहिण्यात आहे, म्हणून वेळ त्यासाठी राखून ठेवावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं अन् पोरांनी उतरवून घ्यावं.

याची घाई आहे. मोट, तिफण, खळं, बलुतं, जात्यावरच्या ओव्या हे सगळं ज्यांनी स्वतः अनुभवलं ती माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली. त्यांच्याबरोबर ते शब्दही चाललेत. त्या गावचं ते बाहेरचा लेखक येऊन लिहिणार नाही.

नंतर काय?

पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं, या वेळी लेखकाशिवाय. महिन्यातून एक बैठक टिकली तरी खूप झालं. निवडक लिखाणाचं हस्तलिखित करून वाचनालयाच्या नोंदवहीत त्याला क्रमांक द्यावा अन् ते इतर पुस्तकांसारखं घरी न्यायला द्यावं. मुलांचं लिखाण बालभारतीच्या 'किशोर' मासिकाकडं पाठवता येतं. मोठ्यांपैकी कुणाचं पुस्तकापर्यंत गेलं तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठीच असते. तिची जाहिरात आली की ग्रंथपालानं फलकावर लावावी.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्यात एका टेबलावर पाच तालुक्यांतल्या गावांची हस्तलिखितं मांडायला फारसा खर्च येणार नाही. फक्त त्यासाठी वाचनालयांना यंदापासून कागद-पेन काढून बसावं लागेल.