पुनरुत्थानाची ओवी

१६१६ साली गोव्यातल्या साष्टी भागात, राशोल इथे, एक मराठी पुराण रोमन लिपीत छापून निघालं. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९च्या ऑक्टोबरात ते गोव्याला पोहोचले, १६१९मध्ये गोव्यातच वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी मराठी अशी आत्मसात केली की ‘ख्रिस्तपुराणा’च्या जवळपास अकरा हजार ओव्या झाल्या. या ग्रंथातल्या भाषेचं कौतुक आपण भरपूर करतो. पण तो मंडळीत म्हणायला आणि ऐकायला रचलेला आहे, म्हणजे उपासनेचं संगीत आहे, हे बाजूलाच राहतं.

रचनेमागचं कारण स्टीफन्स आरंभीच देतात. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का करून देत नाही? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. १५६७मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि त्यांच्यासोबत पुराणश्रवणही गेलं होतं. ख्रिस्ती उपासनेचं पहिलं मोठं मराठी काव्य अशा लोकांच्या मागणीतून आलं, ज्यांचे कान रिकामे पडले होते.

ग्रंथाचे भाग दोन. ‘पैलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून चालतं, तर ‘दुसरें पुराण’ येशूचं चरित्र सांगतं. दुसऱ्याच्या उत्तरार्धात क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान येतं. छंद ओवीचा, तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. मोठ्याने म्हणून पाहिलं की त्या चौथ्या चरणाशी आवाज आपोआप थबकतो. दुःखसहनाच्या प्रसंगात ऐकणाऱ्याला सावरायला तेवढी उसंत लागते.

पुढे १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा छपाई झाली. यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही. १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून द्या, असा हुकूम काढला. पुराण तगलं ते हस्तलिखितांत आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. तिथेच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली त्याची रोमन लिपीतली आवृत्ती काढली.

गोव्याच्या चर्चमध्ये मात्र दुसरी परंपरा रुजली. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलं स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकली. त्यांतूनच तयार झालेल्या मेस्त्रींनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, ईस्टरआधीच्या उपासकाळासाठी लॅटिन वचनांवर मोतेत नावाची भक्तिगीतं रचली. दोन-तीन गळे, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बास एवढ्यावर ती गायली जातात. उपासकाळभर ‘आलेलुया’ म्हटला जात नाही. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटाही मुक्या होतात आणि त्यांच्या जागी मात्राक हे लाकडी खुळखुळ्यासारखं वाद्य वाजतं. ईस्टरच्या रात्री ग्लोरियाबरोबर घंटा घुमतात, पाठोपाठ आलेलुया परत येतो. त्याआधीचे दिवस ज्याने ऐकले, त्यालाच त्या आलेलुयाचा आनंद पुरता कळतो.

स्टीफन्सनंतर जवळजवळ तीन शतकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तेवढाच मोठा कवी मिळाला, तो प्रॉटेस्टंट मंडळीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. अहमदनगरला राहून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणलं. त्यांची पदं मंडळ्यांत आजही गायली जातात. १९१९मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अपुरं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये कॅथलिक उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. स्टीफन्सच्या ओव्या आता देवनागरीतही उपलब्ध आहेत. शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६ची आणि फादर कारिदाद द्राग यांची १९९६ची. तरीही कॅथलिक गायकवृंद ईस्टरला या ओव्यांकडे फारसे वळत नाहीत, हे मला खटकतं. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा असतो. वसई, नगर, पुणे आणि गोव्यातल्या गायकवृंदांना माझी विनंती आहे: येत्या ईस्टरला पुनरुत्थानाच्या दहा ओव्या निवडा, पेटी-टाळ घ्या आणि वेदीसमोर उभं राहून गा.