घामाची थंडी

थंडी बाहेरून येते, असा पन्नाशीपर्यंत माझा समज होता. ती आतूनही येते, हे मला कर्जत तालुक्यातल्या एका माळावर कळलं. पौषातली रात्र होती. फासेपारधी समाजातल्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर मी ज्वारीच्या राखणीला निघालो होतो. त्यांच्या वडिलांच्या पिढीपर्यंत घरात पारध होती. ते स्वतः मात्र आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं राखत आले. मी कृत्रिम धाग्याचं जाड जाकीट चढवलं, मफलर गुंडाळला आणि चढ भराभर चढून गेलो. बाबा अंगात नुसती बंडी ठेवून, घोंगडी खांद्यावर टाकून सावकाश मागून आले. वर जाऊन बसलो आणि अर्ध्या तासात माझे दात वाजू लागले. बाबांनी माझ्या जाकिटाच्या आत पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही घाम घेऊन बसलात. घाम घेऊन बसायचं नसतं.’’

मी ना शरीरशास्त्र शिकलो, ना वस्त्रविद्या. पण त्या एका वाक्याचा माग काढताना जे वाचलं, विचारलं आणि स्वतः बसून पाहिलं, ते इथे मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. याच कर्जत तालुक्यात १९८० साली रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं. मला रस आहे तो शिकारीत नाही, तर शिकाऱ्याला जे करावं लागे त्यात: कडाक्याच्या थंडीत, आग न पेटवता, न हलता, तासन्‌तास बसून राहणं.

हे बसणं आपल्या जिल्ह्यात फार जुनं आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला डॉ. ह. धी. सांकळियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. तिथे सापडलेल्या दगडी छिलक्यांच्या हत्यारांवरून मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेला ‘नेवासियन’ असं नाव पडलं. ती हत्यारं वापरणारी माणसं अंगावर काय घेत होती, हे दगड सांगत नाहीत. पण ती याच उघड्या आभाळाखाली काकडली असणार.

उघडं आभाळ हा इथला मुख्य मुद्दा आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता आभाळाकडे फेकू लागते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीचशी परत खाली पाठवली असती. ढग नसतात, म्हणून दुपारी सदऱ्यात वावरणारा माणूस पहाटे हुडहुडतो. माणसाचं अंगही जमिनीसारखंच उष्णता आभाळाकडे फेकत असतं. म्हणूनच बाबा उघड्या बांधावर न बसता बाभळीखाली बसतात. फांद्यांचं विरळ छत म्हणजे त्यांच्यापुरता ढग.

जागेचा दुसरा नियम ओढ्याचा. ‘‘वढ्यात बसू नगा, तिथं गार साचतं,’’ असं ते म्हणाले. हे शब्दशः खरं आहे. गार हवा जड असते, ती उतारावरून पाण्यासारखी वाहते आणि सखल जागी साठून राहते. शांत रात्री ओढ्याचं पात्र आणि उताराचा मध्य यांत काही अंशांचा फरक सहज पडतो. माथ्यावर मात्र वारा झोडपतो. तेव्हा बसावं ते उताराच्या मध्यावर, वाऱ्याच्या आडोशाला. शिकाऱ्याला यात आणखी एक सोय होती. समोरून वारा येईल अशी जागा धरली की त्याचा वास जनावराकडे जात नसे, आणि पाठीशी खडक किंवा झुडूप असलं की आडोसाही होई.

आता घामाकडे येऊ. स्वस्थ बसलेलं शरीर सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता तयार करतं. चढ चढताना ती कितीतरी पटींनी वाढते. वाढलेली उष्णता बाहेर टाकायला वाट मिळाली नाही की घाम येतो. चालताना त्याचं काही वाटत नाही. बसल्यावर मात्र भट्टी मंदावते आणि कपडे ओलेच राहतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यातच तो ओलावा वाळतानाही अंगातलीच उष्णता खर्च होते. म्हणजे मी चढावर जे जाकीट ‘थंडी वाजू नये’ म्हणून घातलं होतं, त्यानेच पुढच्या थंडीची तजवीज करून ठेवली होती. बाबांची रीत नेमकी उलटी. चालताना थोडं काकडत चालायचं, पांघरूण खांद्यावर ठेवायचं, जागेवर पोचल्यावर दम खाली बसू द्यायचा, अंग कोरडं झालं की मग घोंगडी ओढून घ्यायची.

आणि ती घोंगडीच का? घरात गोधडी असताना राखणीला घोंगडी नेतात, याचं कारण दहिवर. कोणतंही पांघरूण स्वतः ऊब देत नाही; त्यात अडकलेली स्थिर हवा अंगाची ऊब धरून ठेवते. गोधडीच्या सुती थरांतही हवा असते, पण दहिवराने सूत भिजलं की ते चपटं होतं, थर एकमेकांना चिकटतात आणि हवेची जागा पाणी घेतं. लोकरीचं तसं होत नाही. तिचा केस मुळातच कुरळा आणि ताठ असतो. ओला झाला तरी तो सहसा दबत नाही. शिवाय केसाचा बाहेरचा थर पाण्याचा थेंब झटकतो, तर आतला गाभा वाफेच्या रूपातला ओलावा शोषतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि तो शोषताना थोडी उष्णता बाहेरही टाकते.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तर आणखी वेगळी. मऊपणासाठी नावाजलेल्या मेरिनो लोकरीचा केस वीस मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनी केस त्याच्या दुपटीहून जाड. तो टोचतो, म्हणून त्याचा स्वेटर कुणी विणत नाही. पण त्यातले बरेच केस आतून पोकळ असतात, आणि तो जाडपणाच घोंगडीला उभा ताठपणा देतो. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर निघते अर्ध्या किलोच्या आसपास. ती पिंजायची, कातायची, चिंचोक्याच्या खळीने ताणा कडक करायचा आणि खड्ड्याच्या मागावर विणायचं. घोंगडीचं एक टोक दुमडून खोळ केली की डोकं, पाठ आणि खांदे एकाच वेळी झाकले जातात आणि हात मोकळे राहतात. खोळ घालून बसलेला माणूस अंधारात दगडासारखा दिसतो. शिकाऱ्याला तेच हवं असे.

जमिनीकडेही लक्ष हवं. बसल्या जागेची गार भुई सतत अंगातली ऊब ओढते. म्हणून बाबा खाली कडब्याच्या दोन पेंढ्या टाकतात. ज्वारीची ताटं आतून भेंडाची, हवेने भरलेली. वर जेवढं पांघरायचं तेवढंच खाली अंथरायचं, हा त्यांचा हिशेब.

डोक्यातूनच सगळी ऊब जाते, असं पुष्कळदा ऐकू येतं. तसं नाही, डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा आहे. पण बाकी अंग झाकलेलं असताना तेवढंच उघडं राहिलं, तर तीच गळती मोठी ठरते. मुंडाशाचे वेढे ती थांबवतात. दारूचं मात्र उलट. घोटभर घेतली की कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि गरम वाटतं. ते वाटणं म्हणजे आतली उष्णता बाहेर चालल्याची खूण. बिडीने बोटांकडे जाणारं रक्त आकसतं. शिकारी दोन्ही टाळत. वास आणि ठिणगी यांनी जनावर बुजतं हे त्यांचं कारण, पण फायदा थंडीतही होत असे.

हे सगळं आज कुणाच्या कामाचं? दारं धरणाऱ्याच्या. शेतीपंपाची वीज कित्येक गावांत पाळीपाळीने येते आणि रात्रीची पाळी हिवाळ्यातही चुकत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तरी रात्रपाळी सगळीकडून गेलेली नाही. कांद्याला, गव्हाला पाणी देणारा माणूस फावड्याने वाफे फोडताना घामाघूम होतो, मग पुढचा वाफा भरेपर्यंत ओल्या पायांनी बांधावर उभा राहतो. घाम घेऊन थांबतो. उसाच्या पट्ट्यात त्यातच बिबट्याची धास्ती. त्याच्यासाठी बाबांचं शहाणपण चार ओळींचं आहे: काम करताना वरचा कपडा काढून कोरडा ठेवा, थांबताना घाला, पाय पुसा, भुईवर नुसते बसू नका.

हे शहाणपण ज्या समाजाकडे आहे, त्याला १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण रात्री माळावर दिसलेल्या पारध्याकडे संशयाने पाहायची सवय रद्द झाली नाही. बाबा राखणीला जाताना शेतमालकाचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवतात. थंडीपेक्षा त्या कागदाची काळजी त्यांना जास्त असते.

लोकरीची गतही फारशी बरी नाही. जिल्ह्याला आज जिचं नाव आहे, ती अहिल्या चौंडीच्या धनगर घरात जन्मली. त्याच जिल्ह्यात कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून दिलेली मी पाहिली आहे. मांसासाठी माडग्याळ जातीचा संकर वाढला, तशी काळी दख्खनी मेंढी कळपांतून कमी होत चालली.

बाबांची घोंगडी त्यांच्या वडिलांची आहे. दोन ठिकाणी विरलेली, एका कडेला ठिगळ. ‘‘दादा, तुम्ही फिरता, कुठं चांगली मिळाली तर बघा,’’ असं त्यांनी सांगितलं होतं. बाजारात ‘घोंगडी’ म्हणून मिळालेल्या तिन्हींत कृत्रिम धागा निघाला. शेवटी पलीकडच्या तालुक्यातल्या एका सणगर घराचा पत्ता मिळाला. तिथे गेलो तेव्हा मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातलेली होती. घरातल्या आजींनी मात्र माळ्यावरून एक जुनी घोंगडी काढून दिली. पैसे घेताना म्हणाल्या, ‘‘चिंचोक्याची खळ अजून हाय तिच्यात, पहिल्या पावसात भिजवू नका.’’ ती मी बाबांना नेऊन दिली. त्यांनी नाकाशी धरून वास घेतला, उलटीसुलटी केली आणि घडी घालून ठेवली. त्या रात्री राखणीला ते वडिलांचीच घेऊन गेले.